वाणिज्य शाखेच्या वैकल्पिक विषयासाठीची कार्यशाळा : एक अभिप्राय
अकरावीला ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, म्हणजे कंपनीच्या सचिवाचे कामकाज) हा वैकल्पिक विषय घेणाऱ्यांची संख्या वाढावी, म्हणून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाने एका खासगी संस्थेची कार्यशाळा ठेवली. भाग (शेअर), कर्जरोखे (डिबेंचर), लाभांश (नफ्यातील भागधारकांचा वाटा) यांच्या व्याख्या न सांगता मुलांनाच संचालक व भागधारक करून वार्षिक सर्वसाधारण सभा भरवण्यात आली आणि लाभांश कमी का, असा जाब एका मुलीने अध्यक्षांना विचारताच वर्ग रंगला. सभेची सूचना किमान २१ दिवस आधी द्यावी लागते, हेही ओघातच कळले. पालकांचे सत्र मात्र निव्वळ जाहिरात होते. या विषयासाठी गणित सोडल्यास पुढे काय, या रास्त प्रश्नावर, कंपनी सेक्रेटरी होण्यासाठी बारावीला गणित लागत नाही, एवढे साधे उत्तरही वक्त्यांना देता आले नाही. आकारलेले शुल्क पाहता हे खटकते. सभेचा प्रयोग तेवढा जरूर घ्यावा.