कॅमेरावाल्या बर्ड फीडरच्या नावाखाली १३,७९९ रुपयांना गंडा

आधी आकडे लिहिते. ॲडव्हान्स ४,५०० रुपये. "माल तयार आहे" म्हणून ६,८००. त्यावर "कुरिअरचा विमा, डिलिव्हरीनंतर परत मिळेल" म्हणून २,४९९. एकूण १३,७९९, सगळे यूपीआयने.

बाबा पक्षाघातानंतर पलंगावरच आहेत. आमच्या गॅलरीत बुलबुल येतात, चिमण्या येतात, पण त्यांच्या खोलीतून गॅलरी दिसत नाही. सोशल मीडियावर एक जण तुमच्या मापाचे सागवानी फीडर, म्हणजे पक्ष्यांना दाणे ठेवायचे खोके, बनवून विकत होता: आत स्मार्ट कॅमेरा, पक्षी आला की मोबाइलवर व्हिडिओ आणि पक्ष्याचं नाव. पत्ता नाशिकचा. "ताई, कठड्याची रुंदी पाठवा, पाऊस कुठल्या बाजूने येतो ते सांगा." इतकं बारकाईने विचारणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल?

संशयाला जागा होती, आणि तीच मला अजून छळते. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत लालभडक, तुरेवाला पक्षी दाणे टिपत होता. नॉर्दर्न कार्डिनल! उत्तर अमेरिकेतला पक्षी, आणि हा म्हणतोय "कोथरूडच्या कस्टमरकडचा व्हिडिओ आहे." मी इतकी वर्षं पक्षी बघते, मला ते दिसलं आणि मी लगेच विचारलंही. "सॉरी ताई, कंपनीचा डेमो चुकून गेला," असं म्हणून त्याने बुलबुलाचा फोटो पाठवला. म्हणजे मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत, विचारून दिले. पण स्वतःच्या कॅमेऱ्यातला एक व्हिडिओ ज्याच्याकडे नाही, तो कॅमेरा बसवणार कुठून, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. असा माल घेताना व्हिडिओ कॉल करा आणि कॅमेऱ्यासमोर आजचा पेपर धरायला लावा. फोटोवर जाऊ नका.

बिलावर जीएसटी नंबर होता, म्हणून मी निर्धास्त झाले. तो ०७ ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे: ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा २७. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव-पत्ता फुकट दिसतो. पैसे देण्याआधी बघा.

पार्सल आलं. सागवान नाहीच, फुगलेल्या प्लायचा खोका, कोपऱ्यांना स्टेपलच्या पिना. कॅमेरा स्क्रू काढून उघडला तर आत एक पेन्सिल सेल, लाल दिवा आणि दोन वायरी. भिंग नाही, सर्किट नाही. दुकानात चोरांना घाबरवायला लावतात तो डमी! पार्सल फोडताना व्हिडिओ काढला होता, तेवढाच पुरावा हातात आहे. तुम्हीही काढा, शिक्का दिसेल असा.

फोन केला तर म्हणे रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका. तिथे मी फोन ठेवला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. त्यानंतर नंबर बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासाभरात फोन केला तर समोरचं खातं गोठवण्याची शक्यता जास्त असते. माझ्या बाबतीत पार्सल येईपर्यंत फसवणूक झाली हेच कळलं नव्हतं, तर तासाभरात काय करणार होते? बँकेत गेले. "पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम? मग व्यवहार अधिकृत." पोलीस ठाण्यात गेले. "वस्तू मिळाली ना? मग हे दिवाणी. ग्राहक आयोगात जा." आयोगात जायचं तर विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि तो पत्ता पोलिसांनी तपास केल्याशिवाय मिळणार कसा? खोटं सांगून पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे, हे मी छापील कागद पुढे ठेवून सांगितलं. कागद न वाचताच साहेब म्हणाले, "एवढ्याशा रकमेसाठी?" बाबांच्या महिन्याच्या औषधांपेक्षा मोठी रक्कम आहे ही! आणि माझ्यासारख्या किती जणांना "एवढ्याशा"वर परत पाठवलं असेल? त्याच भरवशावर ही माणसं रक्कम अशी बेताची ठेवतात.

ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना लेखी, टपालाने कळवता येतं. चॅट, बिल, व्यवहार क्रमांक, सगळं जोडून मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलंय. पोचपावती आली आहे. उत्तर नाही.