मॉन्टेसरी साहित्य: काय विकत घ्यावं, काय घरी करावं

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की घरात हा विषय निघतोच. मॉन्टेसरीचं, म्हणजे मारिया मॉन्टेसरींच्या बालशिक्षण पद्धतीतलं साहित्य विकत आणायचं की घरात आहे त्यात भागवायचं? माझ्या मुलीसाठी मी दोन्ही करून पाहिलं आणि सरसकट उत्तर मला देता येणार नाही. यातल्या काही वस्तूंना मापाची काटेकोर अचूकता लागते, तर काही विकत घेणं म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणं. शिवाय ‘मॉन्टेसरी’ हे नाव कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, त्यामुळे ते कुठल्याही खोक्यावर छापलेलं दिसतं. म्हणून एकेक वस्तू पुढ्यात घेऊनच बोलू.

आधी गुलाबी मनोरा. दहा ठोकळे, सगळ्यात मोठ्याची बाजू १० सेंटिमीटर, सगळ्यात छोट्याची १, मधले एकेक सेंटिमीटरने उतरत गेलेले. रंग एकच, त्यामुळे बदलतं ते फक्त आकारमान. मोठा उचलायला मुलाला दोन्ही हात लावावे लागतात, छोटा दोन बोटांच्या चिमटीत येतो. घनफळात दोघांमध्ये हजारपट अंतर. मी पहिल्यांदा ऑनलाइन मागवलेल्या मनोऱ्याचा प्रत्येक ठोकळा वेगळ्या रंगाचा निघाला. आठवड्याभरात मुलगी तो भराभर रचायला लागली आणि मी खूश. मग एकदा ती रचताना पुटपुटत होती, ते कानावर पडलं: “लालवर पिवळा, पिवळ्यावर हिरवा...” तिने रंगांचा क्रम पाठ केला होता. लहान-मोठं तिने बघितलंच नव्हतं.

घरी पुठ्ठ्याचे ठोकळे करता येतात, पण पोकळ पुठ्ठा हाताला हलकाच लागतो आणि वजनातून कळणारा फरक निघून जातो. एकात एक बसणारे स्टीलचे डबे दोन वर्षांच्या मुलाला छान पुरतात, त्यापुढे मनोरा विकतच घ्यावा. घरी आल्यावर पट्टी घेऊन तपासा. ९ आणि १चा ठोकळा एकावर एक ठेवला की उंची १०च्या ठोकळ्याइतकी भरली पाहिजे, ८ आणि २ची जोडीही तशीच. भरत नसेल तर परत करा.

दट्ट्यांची पेटीही विकतचीच. लाकडी ठोकळ्यात दहा भोकं, त्यात बसणारे दहा दट्टे, प्रत्येकाला वर छोटी मूठ. ही मूठ तीन बोटांनी धरावी लागते, म्हणजे पेन्सिल धरायची तयारी आपसूक होते. बारीक दट्ट्या मोठ्या भोकात गेला तर शेवटी जाडा हातात उरतो आणि तो कुठेच बसत नाही. चूक झाली हे आईने सांगावं लागत नाही, पेटीच सांगते. घरच्या साधनांनी हे जमत नाही. पूर्ण संचात चार पेट्या असतात; घरासाठी एक पुरे. लांबीतला फरक कळावा म्हणून असतात त्या लाल दांड्या मात्र घेऊ नका. सगळ्यात लांब दांडी मीटरभराची असते, फ्लॅटमध्ये ती मांडायची कुठे?

आता रोजच्या कामांचं साहित्य. छोटा प्लॅस्टिकचा जग, खोट्या भाज्या, बटणांची चौकट असे संच दुकानात मिळतात, आणि इथे घर दुकानाच्या कितीतरी पुढे आहे. दोन वाट्या, एक चमचा, मूठभर हरभरे. या वाटीतले त्या वाटीत. आमच्याकडे एक हरभरा घरंगळत फ्रिजखाली गेला, तर मुलगी पालथी पडून झाडूच्या काडीने तो काढत बसली. वीस मिनिटं तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मटार सोलणं, गवार मोडणं, छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं, सगळं खरं असावं. बटणांसाठी बाबांचा जुना शर्ट पाटावर ताणून बसवा. स्वतःच्या अंगावरची बटणं मुलाला नीट दिसत नाहीत, पाटावरची दिसतात.

स्पर्शासाठी शिंप्याकडच्या चिंध्या आणा: खण, मांजरपाट, खादी, रेशीम, प्रत्येकाचे दोन तुकडे, आणि डोळे मिटून जोड्या लावायच्या. आवाजासाठी एकसारख्या अपारदर्शक डब्यांत रवा, तांदूळ, राजमा. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला १९४५पासून आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य होतं. त्यामुळे घरच्या वस्तूंना दुय्यम समजू नका.

खरबरीत अक्षरांबाबत, म्हणजे बोट फिरवून ओळखायच्या पॉलिशपेपरच्या अक्षरांबाबत, माझं मत ठाम आहे: मराठी मुलासाठी ती घरीच करा. बाजारात इंग्रजी संच भरपूर आहेत. देवनागरी मिळाला तरी तो बहुधा हिंदी वर्णमालेवरून केलेला असतो. त्यात ‘ळ’ नसतो, आणि ‘ल’ व ‘श’ आपल्या वळणाचे नसतात. बाळ, केळं, फळा, डोळा हे शब्द रोज बोलणाऱ्या मुलाला ‘ळ’ नसलेली अक्षरं कशी द्यायची? हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा पॉलिशपेपर आणा. त्याच्या मागच्या बाजूला अक्षर आरशात दिसतं तसं उलटं काढा, म्हणजे कापल्यावर सुलट येतं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. सुरुवात ग, म, भ, न अशी. वळणं सारखी असल्याने बोट लवकर रुळतं. मुलाने दोन बोटं लिहिण्याच्याच दिशेने फिरवायची, शिरोरेषा शेवटी, आणि तोंडाने आवाज काढायचा.

अंकांसाठी एकक, दशक, शतक, हजार दाखवणारे सोनेरी मणी सुंदर असतात, पण हजार मण्यांचा घन महाग पडतो आणि शाळेत तो बहुधा असतोच. घरी खराट्याचे हीर सारख्या लांबीचे तोडून दहा-दहाच्या जुड्या बांधा.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर हरभरे, मणी, बिया आणि मनोऱ्यातला सर्वांत छोटा ठोकळा तुम्ही शेजारी बसलेले असतानाच द्या, नंतर वर उचलून ठेवा. विकतच्या वस्तूवर आयएसआय मार्क बघा. १ जानेवारी २०२१पासून तो भारतात खेळण्यांना सक्तीचा आहे, नोंदणीकृत हस्तकारागिरांना मात्र सूट आहे.

पैसे मोजकेच असतील तर आधी मनोरा, मग दट्ट्यांची एक पेटी, बाकी स्वयंपाकघरातून. दोन्ही वस्तू वापरलेल्या घेतल्या तरी चालतात, लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. फक्त मनोरा घेताना आधी सर्वांत छोटा ठोकळा आहे का ते बघा, बहुतेक घरांतून हरवतो तो तोच. नसेल तर सुताराकडून एक सेंटिमीटरचा कापून घ्या आणि बाकीच्यांसारखाच गुलाबी रंगवा.