देशी झाडांची नर्सरी अन् घाणेरीची (टणटणीची) झुडपं बुडातून काढणारी माणसं, लातूरकरांनी नक्की जा

आमच्या घरामागं दहा-बारा गुंठे जागा आहे, जुनी लिंबं अन् दोन बोरी सोडल्या तर सगळी घाणेरी अन् गाजरगवत. औशाकडं जाताना रस्त्यालगत एक छोटी देशी झाडांची नर्सरी लागते, ते लोक रोपं देतात अन् जागा पण साफ करून देतात, दोन्ही घेतलं म्हणून लिहितोय.

साफसफाई एक नंबर. बाकीचे कोयत्यानं वरवर छाटून पैसे घेऊन जातात अन् पाऊस पडला की घाणेरी परत फुटते. ह्यांनी बुडाची माती उकरून मूळ जमिनीच्या तीन-चार बोटं खाली तोडलं, कारण फुटवा त्याच्या वरच्या भागातूनच निघतो, आणि निघालेली झुडपं मुळं वर करून उलटी ठेवली म्हणजे परत रुजायला नको. जाताना बजावून गेले की बोरीखाली बारीक रोपं येणारच, पाखरं फळं खाऊन तिथंच बसतात, ती हातानं उपटत राहा. तसंच झालं बघा. गाजरगवत मात्र फुलायच्या आत उपटा, एका झाडाला हजारो बिया धरतात, अन् हातमोजे घाला, लई खाज सुटते.

आता रोपं. आपटा मागितला की आपटाच मिळतो, कांचन माथी मारत नाहीत. आपट्याचं पान छोटं, जाडसर, लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं मोठं, दोन्ही शेजारी धरून दाखवलं. पळस उंच पिशवीत वाढवलेला, मूळ सरळ खाली गेलेलं, गुंडाळलेलं नाही. सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, कोनोकार्पस असली परदेशी झाडं ठेवतच नाहीत, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल म्हणतात, हे मला मनापासून आवडलं.

मृगाचा चांगला पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय लावू नका म्हणतात, आपल्याकडं पाऊस मधेच दडी मारतो म्हणून बुडाला वाळला पाला अंथरायला लावतात, त्यामुळं पानगळीचा पाला जाळणं आम्ही बंदच केलं. अन् फाल्गुनात पळस उघडा पडला की मेला समजून उपटू नका, पालवी नंतर येते.

कमी एवढंच की पांगारा, काटेसावर लवकर संपतात अन् साफसफाईची माणसं पेरणीच्या दिवसांत मिळत नाहीत, एप्रिलमध्येच नंबर लावून ठेवा. रोपं न्यायला छोटा हत्ती (टेम्पो) सांगा, मोटरसायकलवर उंच पिशव्या फुटतात.