परिसंस्था किट: बरणी चांगली, उत्तरं चुकलेली

मी राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. आठवीत परिसंस्थेचा धडा आला की दरवर्षी तेच होतं. ‘जैविक घटक सांगा’ म्हटलं की झाडं, प्राणी, सूक्ष्मजीव. ‘अजैविक’ म्हटलं की हवा, पाणी, माती, सूर्यप्रकाश. पाठ आहे, गुणही मिळतात. पण या दोन याद्यांचा एकमेकींशी काय संबंध, असं विचारलं की अख्खा वर्ग पंख्याकडे बघतो.

म्हणून जुलैत ऑनलाइन एक ‘परिसंस्था किट’ मागवलं. २,३४९ रुपये, माझ्याच खिशातून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशीच किटं चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकायला आहेत आणि फोटोवरून तरी सगळ्यांचा माल सारखाच दिसतो. अकरा दिवसांनी कुरिअरवाल्याचा फोन आला, ‘मॅडम, गावात गाडी येत नाही, राजापुरात येऊन घेऊन जा.’ गेले.

खोक्यात काय होतं: झाकणाची पाच लिटरची बरणी, खडी, कोळशाची पूड, कुंडीची माती, बियांची पुडी, एक थर्मामीटर, एक भिंग, मातीत खुपसायचा मीटर, ४८ चित्रकार्डं आणि ती लावायला फेल्टचा फलक. फलकाची अर्धी बाजू हिरवी, तिच्यावर ‘सजीव’. अर्धी राखाडी, तिच्यावर ‘निर्जीव’. सोबत कृतिपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत. मराठी नाही. कृतिपत्रिका क्रमांक सहामध्ये ‘आपल्या परिसरातील बर्फाचा प्राण्यांवर होणारा परिणाम’ विचारलाय. आमच्या परिसरातला बर्फ मासळीबाजारात असतो. तसं उत्तर एका मुलाने लिहिलं आणि मी त्याला पूर्ण गुण दिले.

आधी कार्डांबद्दल. छपाई उत्तम, कागद जाड, ओल्या हातांनीही खराब होत नाही. पण चित्रं पाइनचं जंगल, अस्वल, तांबडा कोल्हा अशी. आणि मागे छापलेली उत्तरं! वाळलेलं पान: निर्जीव. शेण: निर्जीव. शिंपला: निर्जीव. माती: निर्जीव. शेणाच्या कार्डावर पहिली ठिणगी पडली. मागच्या बाकावरची एक मुलगी, घरी तीन गुरं, उभी राहून म्हणाली, ‘बाई, शेणात हुमणी असते, पावसात त्याच्यावर छत्र्या उगवतात, ते निर्जीव कसं?’ दुसरा म्हणाला, हुमणी सजीव, शेण नाही. तिसऱ्याचं म्हणणं, शेण म्हणजे गवतच की, गायीतून आलेलं.

चाळीस मिनिटं गेली. घंटा झाली तरी कोणी जागचं हललं नाही. मृत आणि निर्जीव यांत फरक आहे, हे मला फळ्यावर लिहून कधी पोचवता आलं नव्हतं. जांभ्याचा दगड कधीच जिवंत नव्हता. वाळलेलं पान काल-परवापर्यंत झाड होतं आणि उद्या बुरशीचं जेवण आहे. ते सरळ राखाडी बाजूला चिकटवलं की विघटकांना, म्हणजे मेलेलं कुजवणाऱ्या जिवांना, ताटच उरत नाही. शेवटी मुलांनी फलकाच्या मधोमध खडूने एक पट्टा आखला आणि शेण, पान, शिंपला, माती तिथे लावली. पट्ट्याला नाव दिलं, ‘वादातले’. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ टॅन्सली यांनी १९३५ साली ‘इकोसिस्टिम’ हा शब्द मांडला तो याचसाठी, की जीव आणि भोवतालचं हवा-पाणी-माती ही मिळून एकच व्यवस्था आहे. त्याच कल्पनेवर विकल्या जाणाऱ्या किटचा फलक मात्र मधोमध उभा फाडलेला.

तर कार्डांची उत्तरं चुकीची, आणि त्या चुकीमुळे वर्षातला सगळ्यात चांगला तास झाला. याचे गुण कंपनीला द्यायचे की कापायचे, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मीटरबद्दल मात्र संशय नाही. मीटर टाकाऊ. त्यावर ओलावा, उजेड आणि सामू (पीएच: सातच्या खाली आम्ल, वर अल्क) अशा तीन पट्ट्या आहेत आणि बॅटरी लागत नाही, असं खोक्यावर अभिमानाने छापलंय. बॅटरी लागत नाही कारण दोन सळ्या दोन वेगळ्या धातूंच्या आहेत. ओल्या मातीत त्यांच्यात बारीकसा प्रवाह तयार होतो आणि काटा हलतो. म्हणजे काटा पाण्याइतकाच त्यात विरघळलेल्या क्षारांनाही भुलतो. आम्ही एका पेल्यात मिठाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात प्रयोगशाळेतलं ऊर्ध्वपातित, म्हणजे क्षार काढलेलं पाणी. पहिल्यात ‘फार ओलं’, दुसऱ्यात ‘कोरडं’. पोरं खो खो हसली. सामूचा काटा लिंबाच्या रसातही सातच्या आसपास रेंगाळला. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, शाळेतल्या सामू कागदावर ती साडेपाच ते सहा दाखवते. मीटरच्या मते ती साडेसात. शेवटी जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करल्या. लिंबू पिळलं की गुलाबी, साबणाचं पाणी घातलं की हिरवट. खर्च शून्य, फुलं मुख्याध्यापकांच्या न कळत.

थर्मामीटर चांगला निघाला. भिंगावर दहापट लिहिलंय, असेल तीनपट, पण काचेचं आहे आणि मुंगीचे पाय नीट दिसतात.

आता बरणी, म्हणजे या किटचा खरा जीव. सूचनेप्रमाणे खडी, त्यावर कोळसा, त्यावर माती, बिया, पाणी, आणि झाकण घट्ट. कल्पना सोपी आहे: बाष्प काचेवर थंड होऊन थेंब बनतं, थेंब खाली येतात, रोप दिवसा ऑक्सिजन सोडतं, श्वसनातला कार्बन डायऑक्साइड परत वापरतं. चौथ्या दिवशी काच धुक्याने भरली, जलचक्र दिसलं, टाळ्या. नवव्या दिवशी कोंबांवर पांढरी बुरशी. बाराव्या दिवशी झाकण उघडलं तर पहिल्या बाकाने नाकाला रुमाल लावले.

कारण शोधताना मुलांना अ‍ॅरिझोनातल्या बायोस्फिअर २ ची गोष्ट सांगितली. १९९१ च्या सप्टेंबरात आठ माणसं काचेच्या बंद इमारतीत दोन वर्षांसाठी राहायला गेली. आत जंगल, शेती, छोटा समुद्रसुद्धा. हळूहळू ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला आणि शेवटी बाहेरून आत सोडावा लागला. शेतीसाठी खतावलेली भरपूर कसदार माती आत भरली होती. तिच्यातले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात राहिले आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले. तो झाडांना मिळाला असता तर ऑक्सिजन परत आला असता, पण बराचसा बांधकामातल्या काँक्रीटने शोषून घेतला. राखाडी बाजूचं, अगदी निमूट काँक्रीट! हे ऐकल्यावर एकाने आमच्या बरणीकडे बोट दाखवलं, ‘बाई, आपल्यातपण खतच जास्त झालंय.’ बरोबर होतं. पुडीतली माती म्हणजे निम्मं कंपोस्ट, आणि सूचनेत पाण्याचं माप ‘आवश्यकतेनुसार’.

दुसऱ्यांदा बरणी भरली ती शाळेमागच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची मूठभर माती, जांभ्याचे खडे आणि चिऱ्याच्या गडग्यावरचं (दगडी कुंपणावरचं) मॉस घेऊन. किटमधली खडी आणि कोळसा तेवढे परत वापरले. पाणी चार चमचे. ही बरणी तीन महिने उत्तरेच्या खिडकीत तग धरून आहे.

माती आणायला सड्यावर गेलो ते ऑगस्टमध्ये, आणि तिथे किट बाजूलाच राहिलं. ज्यांनी सडा पावसाळ्यात पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: वर्षभर भाजलेला तांबडा कातळ, त्यावर इंचभर माती, आणि त्यात निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, चिकट दवबिंदू अशी इवलाली फुलझाडं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो मातीतली पोषकद्रव्यं धुऊन नेतो, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरतात. नायट्रोजनची बोंब. म्हणून दवबिंदू पानांवर चिकट थेंब धरून किडे पकडतो आणि सीतेची आसवं जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढतात. दगड, पाऊस, फूल, किडा एका ओळीत. भिंग तिथे कामी आलं, एकेका पानासाठी रांग लागली होती. ऑक्टोबरात पुन्हा गेलो तेव्हा दुपारी बाराला उघड्या कातळावर थर्मामीटर ४६ अंशांवर आणि हातभर लांब गवताखाली ३३ वर. फुलं संपलेली, बिया कातळाच्या फटीत. ज्या मुलाने बर्फाचं उत्तर लिहिलं होतं तो म्हणाला, आता थर्मामीटर मार्चपर्यंत इथेच ठेवूया. ठेवला नाही, गुरं तुडवतील.

कंपनीबद्दल रास्त बोलायचं तर तक्रारीला दोन दिवसांत उत्तर आलं, हुज्जत घातली नाही, नवा मीटर पाठवला. तोही लिंबाच्या रसात सात दाखवतो.

माझ्याकडून पाचपैकी अडीच. शहरातल्या शाळेला, जिथे मूठभर माती आणायलाही परवानगी लागते, कार्डं आणि बरणी उपयोगी पडतील, फक्त मागची उत्तरं कागद चिकटवून झाका. कुंडीच्या मातीत निम्मी वाळू मिसळा, पाणी चमच्याने मोजा, दक्षिणेच्या उन्हात ठेवू नका. गावातल्या शाळेने लोणच्याची रिकामी बरणी, थर्मामीटर आणि काचेचं भिंग घ्यावं, चारशेच्या आत भागतं. मीटर कोणाला हवाच असेल तर माझ्याकडे दोन आहेत, येऊन घेऊन जा.