सेल्फ डिफेन्सच्या नावाखाली २३,७०० रुपये गेले; पोरीला क्लास लावण्याआधी वाचा

प्रवेश १,५००. तीन महिन्यांची फी एकदम ९,०००. ड्रेस २,२००. पिवळ्या बेल्टची परीक्षा १,२००, नारिंगीची १,५००. गोव्यातलं दोन दिवसांचं शिबिर ४,८००. ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्र ३,५००. एकूण २३,७००. पावती फक्त ९,००० ची. बाकीचे सगळे सरांच्या घरातल्या माणसाच्या नंबरवर यूपीआयनं. बेळगावात, भर वस्तीत, ‘मुली तीन महिन्यांत तयार’ असा बोर्ड लावून.

पैसे कसे एकेक करून काढतात ते तुम्हाला सांगायला नको. माझा जळफळाट वेगळ्याच गोष्टीचा आहे. मी सहा वर्षं तालमीच्या लाल मातीत काढलीत. मला कळायला पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी मी दारात उभा होतो. मनगट सोडवायचा सराव चालला होता. एका पोरीनं जरा घट्ट धरलं, तर सर म्हणाले, “एवढं जोरात धरायचं नाही, टेक्निक बसत नाही.” तिथंच पोरीचा हात धरून घरी यायचं होतं! तालमीत जोडीदारानं अंग ढिलं सोडलं तर वस्ताद दोघांनाही सोलून काढतो. आणि मी मनाशी म्हटलं, नवीन पोरी आहेत, दुखापत नको म्हणून सांगत असतील. कॉलेज करून रात्रीच्या बसनं खानापूरला परतणारी पोरगी, तिनं लवकर काहीतरी शिकावं एवढीच घाई होती मला. ही घाई त्या लोकांना दारातूनच दिसते.

अडीच महिन्यांनी घरी मी तिचं मनगट खरोखर धरलं. सुटलं नाही. ती नुसतं मनगट पिळत राहिली, कारण तेवढंच शिकवलेलं. नुसतं मनगट समोरच्याच्या मुठीपुढं टिकत नाही. पकडीची फट असते अंगठा आणि बोटांच्या टोकांमध्ये. आपल्या हाताची अरुंद कड त्या फटीकडं फिरवायची, मागं न ओढता एक पाऊल पुढं टाकायचं, आपलं कोपर त्याच्या कोपराकडं न्यायचं आणि हिसका सगळ्या अंगाचा द्यायचा. त्यानं दोन्ही हातांनी धरलं असेल तर आपली मूठ आपल्याच दुसऱ्या हातानं पकडून ओढायची. हेसुद्धा घट्ट धरणाऱ्या जोडीदारावर शेकडो वेळा केल्याशिवाय अंगात बसत नाही.

स्पारिंगचं, म्हणजे जोडीदाराशी मोकळ्या सराव-लढतीचं विचारलं तर उत्तर आलं, “आमचे डाव जीवघेणे आहेत, स्पारिंग करता येत नाही.” हे वाक्य कानावर पडलं की चपला घाला. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला तो नेमका उलट्या विचारानं. घातक डाव मोकळ्या लढतीतून बाजूला ठेवले, म्हणून उरलेले डाव विरोध करणाऱ्या माणसावर पूर्ण ताकदीनं रोज मारता येतात.

नवख्यानं ज्युदो, कुस्ती नाहीतर बॉक्सिंग बघावं. ज्युदोत आधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीला, तळव्यापासून कोपरापर्यंतचा हात जमिनीवर आपटायचा, डोकं वाचतं. रस्त्यावर ढकललं तर हेच पहिलं कामाला येतं. बॉक्सिंगमध्ये अंतर कळतं. हाताला गुंडाळायची साडेचार मीटरची पट्टी, स्पारिंगला १६ औंसचे ग्लोव्ह आणि माउथगार्ड हवाच. मात्र पहिल्याच आठवड्यात डोक्यावर मारामारी लावणारा कोचही नको. नवखा त्यातून डोळे मिटायचीच सवय लावून घेतो. पॉइंटचं कराटे खेळ म्हणून चांगलं, पण पॉइंट मिळाला की पंच थांबवतात आणि मारून थांबायची सवय हाताला लागते. आणि ज्युदो आपल्याकडं कुठं, असं म्हणू नका. आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव ज्युदोतूनच पुढं आली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या ज्युदोसारख्या कुस्तीत ५२ किलो गटात कांस्यपदक घेऊन आली.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात मराठी अर्ज घेतला नाही, कन्नडमध्ये आणा म्हणाले. टायपिस्टचे ३०० गेले. मग “साहेब नाहीत, नाळे बर्री,” म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशीही नाळे बर्री. तिसऱ्या खेपेला म्हणे सिव्हिल मॅटर आहे, आणि पोच द्यायलाही नकार. खेळाच्या सरकारी ऑफिसात गेलो, तर खासगी क्लासशी आमचा संबंध नाही. मग बोर्डावर ‘सरकारमान्य’ लिहिलेलं पुसायचं कोणी? गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, संविधानाचं ३५० वं कलम आहे. ते तोंडावर सांगितलं तर साहेब हसले. कर माझ्याकडून घेताना भाषा आडवी येत नाही!

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. माझा अर्ज आयोगात गेलाय. यूपीआयच्या नोंदी, बोर्डाचा फोटो, प्रमाणपत्राची झेरॉक्स, तिन्ही जोडलेत.

तीन महिन्यांची फी एकदम भरू नका, महिन्याचीच भरा. आधी दोन तास बसून बघा, कोणी घामाघूम होऊन अडवतंय का. बेल्टच्या परीक्षांचा सगळा खर्च पहिल्याच दिवशी कागदावर लिहून मागा.

त्या क्लासात नवी बॅच एक तारखेपासून आहे. फी आता ९,५०० केली आहे.