जिप्सीच्या पुढच्या चाकांना हाताचे हब की सरळ प्लेट?

जुनी मारुती जिप्सी घेतली की पहिल्या महिन्यात हा प्रश्न येतोच. पुढचे फ्री व्हील हब, म्हणजे चाक आतल्या शाफ्टला हातानं जोडायचे-सोडायचे खटके, चिखलपाण्यानं जाम झालेले असतात. फिटर म्हणतो, काढून टाका, चाक शाफ्टला कायमचं जोडणारी प्लेट बसवून देतो, कायमची कटकट गेली. फोर बाय फोरवाला मित्र म्हणतो, प्लेट अजिबात नको, अ‍ॅव्हरेज पडेल. माझ्या गाडीला आधी प्लेट होती, आता हाताचे हब आहेत. दोन्हींवर पावसाळे काढलेत, घाट केलेत. त्या अनुभवावर लिहितोय, कुणाचा वेगळा असू शकतो.

पेट्रोलचं आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. प्लेट असली की टू व्हीलमध्येही, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना जात असतानाही, पुढची चाकं आपल्याबरोबर हाफ शाफ्ट (चाकापर्यंतचा शाफ्ट), क्राऊन-पिनियन (एक्सलमधले गिअर) आणि ट्रान्सफर केसपर्यंतचा (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या डब्यापर्यंतचा) लांब शाफ्ट, म्हणजे प्रोपेलर, फिरवत नेतात. हब फ्री केले की चाक आपल्या बेअरिंगवर एकटं फिरतं आणि आतलं सगळं उभं राहतं. म्हणजे बचत व्हायलाच हवी, आणि होतेही. पण किती? त्या गिअरच्या दातांवर ओझं नसतं. ताकद जाते ती तेल घुसळण्यात आणि सील-बेअरिंगच्या ओढीत. थंडीतल्या सकाळी गिअर ऑईल घट्ट असतं तेव्हा ही ओढ जास्त, हाउसिंग गरम झालं की कमी. त्यातून हायवेला जिप्सीचं पेट्रोल खाते ती समोरची हवा, गाडीचा आकारच तसा आहे.

समजा दोन टक्के फरक पडला. अकराचं अ‍ॅव्हरेज असेल तर ते सव्वाअकराच्या जवळ जाईल, आणि ४० लिटरच्या टाकीत नऊएक किलोमीटर जास्त मिळतील. टायरमध्ये हवा थोडी कमी असली, वर कॅरियर लावलं किंवा घाटात एखाद्या ट्रकमागे अडकलात, तर एवढा फरक कुठल्या कुठे जातो. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब मी दोन्हींवर ठेवला आहे. हबवर आकडा थोडा बरा दिसतो असं मला वाटतं, पण शपथेवर सांगण्याइतका तो ठळक नाही. एवढ्यासाठी कुणी नवे हब विकत घेत असेल, तर ते पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील.

तरी मी हब बसवले. निर्णय झाला तो पुढच्या प्रोपेलरच्या थरथरीमुळे.

ज्यांची जिप्सी कंपनीच्या उंचीवर आहे त्यांना ही थरथर कदाचित जाणवणारही नाही. माझ्या गाडीचे शॅकल, म्हणजे पाट्यांच्या टोकाचे दुवे, लांब आहेत, पुढून ती उचललेली आहे. सत्तरच्या आसपास पायाखालच्या पत्र्यात एक घुमारा सुरू व्हायचा. पंच्याहत्तरला तो गिअरच्या दांड्यात यायचा, ऐंशीला आरशातली मागची गाडी पुसट दिसायची. पुणे-सातारा रस्त्याला हाच वेग सोयीचा, त्याच वेगाला ही अवस्था. मागच्या बाकावरच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. चाकं बॅलन्स करून घेतली, प्रोपेलरचे क्रॉस (टोकांचे जोड) बदलले, शाफ्ट लेथवर नेऊन बॅलन्स केला. प्रत्येक वेळी थोडा उतार पडायचा आणि घुमारा पुन्हा यायचा.

कारण समजलं तेव्हा सगळं जागेवर बसलं. ऐंशीच्या वेगाला जिप्सीचं चाक मिनिटाला सव्वासहाशे-साडेसहाशे फेरे घेतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलरचे किती फेरे) चारच्या थोडं आत धरलं, तर पुढचा प्रोपेलर त्याच वेळी अडीच हजारांच्या घरात फिरत असतो. क्रॉसच्या जोडाची रचना अशी की कोनात फिरताना तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. गाडी उचलली, शॅकल लांब केले, की पिनियनचं तोंड फिरतं आणि दोन कोन सारखे राहत नाहीत. मग बॅलन्स कितीही करा. शिवाय टू व्हीलमध्ये तो शाफ्ट गाडीला इंचभरही पुढे ढकलत नसतो, उगाच फिरून थरथर तेवढी देत असतो.

हब बसवले, दोन्ही फ्रीवर केले आणि त्याच रस्त्यानं निघालो. पायाखालचा घुमारा गेला. ट्रान्सफर केसची घूं अर्थातच राहिली. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला आहे, मधला छोटा शाफ्ट टू व्हीलमध्येही फिरतो, त्यावर हबचा उपाय चालत नाही. पण तो आवाज कानाला सवयीचा होतो, थरथरीची सवय होत नाही. लांबच्या प्रवासानंतर अंग आंबून जायचं, ते थांबलं. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

हबची दुसरी बाजू आणीबाणीची आहे. दगडात पुढचा हाफ शाफ्ट किंवा त्याचा जोड तुटला, तर प्लेटवाल्या गाडीत ते तुकडे प्रत्येक फेऱ्याला नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) आत दळले जातात. प्लेटवाल्याला जागेवर शाफ्ट उपसावा लागतो. हबवाला दोन्ही हब फ्री करतो, टू व्हीलवर येतो आणि सावकाश गावापर्यंत पोचतो. तसंच, हब फ्री ठेवून फोर लो (फोर व्हीलची सावकाश, जास्त ताकदीची रेंज) टाकला तर फक्त मागच्या चाकांना लो रेंज मिळते. डांबरी चढावर, अरुंद वळणात गाडी मुंगीच्या पावलानं मागे घ्यायची असेल तर हे फार कामाचं आहे. पुढचं-मागचं एकमेकांत अडकत नाही. मात्र सगळी ताकद मागच्या एक्सलवर येते, तेव्हा पाय हलका हवा.

आता हबचा त्रास. चिखलात उतरून दोन्ही चाकांपाशी वाकावं लागतं. जाणकार कच्चा रस्ता सुरू होण्याआधीच हब लॉक करतात, हीच खरी पद्धत. पावसाळ्यात आठवडाभर मावळात किंवा कोकणात उतरायचं असेल तर हब लॉकच ठेवा आणि गाडी टू हायमध्ये (टू व्हील, नेहमीची रेंज) चालवा, त्यानं काही बिघडत नाही. गरज पडली की फोर व्हीलचा दांडा ओढायचा, खाली उतरायचं कारण नाही. खटका पूर्ण फिरला पाहिजे, मधेच राहिला तर दात टकटक वाजतात आणि झिजतात. एकच बाजू लॉक आणि दुसरी फ्री राहिली तर फोर व्हील टाकूनही पुढून ओढ मिळत नाही, कारण डिफरन्शियल सगळं फिरणं मोकळ्या बाजूला देऊन टाकतं. आणि महिनोन् महिने हब फ्री ठेवून फिरू नका. पुढच्या डिफरन्शियलमधलं तेल उडायला हवं, वरच्या बाजूच्या बेअरिंग-सीलना ओल मिळायला हवी. महिन्यातून पंधरा-वीस किलोमीटर हब लॉक करून, दांडा टू हायमध्येच ठेवून चालवलं की पुरे.

प्लेटच्या बाजूनं एक मोठा मुद्दा आहे, मजबुती. हबच्या आत सरकणारे दात असतात, स्प्रिंग असते. प्लेट म्हणजे सरळ लोखंड, बोल्ट आवळले की विषय संपला. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत उतरायचं असेल, मोठे टायर आणि लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारे) असतील, तर मीही प्लेटच सुचवेन. शेतात, डोंगरात रोज फोर व्हील लागणाऱ्यालाही हबचा काही उपयोग नाही.

तिसरा पर्याय व्हॅक्युमचा. २०२३ मध्ये आपल्याकडे आलेल्या जिम्नीत पुढचे हब व्हॅक्युमवर लागतात, दांडा ओढला की काम झालं. चालू असेपर्यंत याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण सारा खेळ रबरी नळ्या आणि सीलवर आहे. हवा कुठे गळाली तर हब अर्धवट लागतो आणि दातांची खरखर ऐकू येते. जिम्नीसाठी ते काढून हाताचे हब बसवायची किट परदेशात विकली जातात, यावरून काय समजायचं ते समजा. जिप्सीला मुद्दाम व्हॅक्युम बसवायच्या भानगडीत मी पडणार नाही.

हा प्रश्न तसा जीपइतकाच जुना. महायुद्धातल्या जीपना असे हब नव्हते, पुढचा सगळा पसारा कायम फिरत असे. १९४८ मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी सैन्यानं विकून टाकलेल्या जीपसाठी लॉकिंग हब काढले, कारण त्या जीप आता नागरी रस्त्यावर धावणार होत्या. माझी जिप्सीही बहुतेक वेळ रस्त्यावरच असते, डोंगरात जाते ती सुट्टीला. तुमचंही तसंच असेल तर माझं मत हाताच्या हबकडे झुकतं.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा जॅक बरोबर न्या. पुढचं एक चाक उचला, दांडा टू हायमध्ये ठेवा. हब फ्रीवर असताना चाक हातानं फिरवा, पुढचा प्रोपेलर हलता कामा नये. दोन्ही बाजूंचे हब लॉकवर करून फिरवलंत की तो फिरलाच पाहिजे. मग दुसऱ्या बाजूला हेच करा. खटका बोटांनी फिरत नसेल, पकड लागत असेल, तर आत जुनं ग्रीस दगड झालं आहे. बहुतेक वेळा हब उघडून डिझेलमध्ये धुतला, नवं ग्रीस बेतानं भरलं आणि गॅस्केट बदललं की तो मोकळा होतो. ग्रीस ठासून भरू नका, त्यानंच तो पुन्हा अडतो. आणि विकणाऱ्यानं प्लेट बसवलेली असेल तर काढलेले हब त्याच्याकडे आहेत का ते आधी विचारा. गॅरेजच्या कोपऱ्यात ते पडलेले असतात, सौदा ठरण्याआधी मागितले तर देतात.