समुद्रकाठच्या जुन्या वास्तूत संमेलन ठेवणार असाल तर पैसे भरण्याआधी हे वाचा

44 जणांच्या एका गटाने दोन रात्रींच्या स्नेहसंमेलनासाठी समुद्राला लागून असलेली एक जुनी दगडी वास्तू ठरवली. जाहिरातीत चार गोष्टी ठळकपणे लिहिल्या होत्या: पूर्ण वास्तू फक्त तुमच्या गटाला, 48 जणांच्या झोपण्याची सोय, 60 जण बसतील असा हॉल, आणि पायऱ्या उतरलं की वाळू. फोटो खरे होते, वास्तूही खरी होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. फसव्या निघाल्या त्या या चारही गोष्टी.

अशा गटांचे मुक्काम आणि कार्यक्रम जमवून देणं हे आमचं काम आहे. या क्षेत्रात फसवणुकीचे जे प्रकार सुटेसुटे दिसतात, ते या एका व्यवहारात एकत्र आले, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

व्यवहार करणारा माणूस मालक नव्हता. 'मालक परगावी असतात, बुकिंग मीच बघतो' असं त्याने सांगितलं. 50 टक्के रक्कम लगेच आणि उरलेली मुक्कामाच्या आठ दिवस आधी, दोन्ही थेट बँक खात्यात. पावतीवर वास्तूचं नाव होतं, खातं मात्र भलत्याच नावाचं. इथेच थांबायला हवं होतं. वास्तू चालवण्याचा परवाना ज्याच्या नावावर आहे, तेच नाव खात्यावर असलं पाहिजे. नसेल तर मालकाच्या सहीचं अधिकारपत्र मागावं. वास्तूचा फोन नंबरही मध्यस्थाने दिलेला वापरू नये. तो स्वतंत्रपणे शोधावा आणि विचारावं, 'या तारखांना किती खोल्या आणि कुणाच्या नावावर बुक आहेत?' या गटाने तो फोन केला असता तर कळलं असतं, की मध्यस्थाने फक्त पश्चिमेकडची बाजू भाड्याने घेतली होती आणि पूर्वेकडच्या खोल्यांत दुसरे पाहुणे ठरलेले होते.

पैसे कसे भरता यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. कार्डाने भरलेल्या रकमेवर बँकेकडे तक्रार करून ती परत मागण्याची प्रक्रिया असते. थेट खात्यात गेलेले पैसे समोरच्याने काढून घेतले की बँकेच्या हातात फारसं काही उरत नाही. 'थेट भरलेत तर दहा टक्के सवलत' असं कुणी म्हणालं, तर ती सवलत म्हणजे तुमचा तक्रारीचा हक्क विकत घेण्याची किंमत आहे.

आता बेड. 48 हा आकडा कसा आला? 16 डबल बेड म्हणजे 32, आठ सोफे उघडून 16. त्यातले पाच सोफे हॉलमध्येच होते, म्हणजे कार्यक्रम संपेपर्यंत दहा जणांना झोपायला जागा नाही. 'किती जणांची सोय आहे' हा प्रश्नच अपुरा आहे. खोलीनिहाय यादी लेखी घ्या: कोणता मजला, कोणता बेड, त्याची रुंदी, बाथरूम खोलीला लागून की सामाईक. जुन्या वास्तूंमध्ये जिने अरुंद आणि उभे असतात, त्यामुळे गटात वयस्कर मंडळी असतील तर तळमजल्यावरच्या खोल्या आधीच मोजाव्या लागतात. गरम पाण्याचंही तसंच. 200 लिटरच्या टाकीत 60 अंशांचं पाणी असेल तर गार पाणी मिसळून साधारण सहा-सात जणांच्या आंघोळी होतात, मग टाकी पुन्हा तापेपर्यंत थांबायचं. या 44 जणांसाठी अशी एकच टाकी होती.

हॉल 9 मीटर बाय 6 मीटर, म्हणजे 54 चौरस मीटर. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर 60 जण जेमतेम मावतील. गोल टेबलांभोवती बसायचं तर माणशी सव्वा ते दीड चौरस मीटर लागतं, म्हणजे 36 ते 43 जण. मंचासाठी 10-12 चौरस मीटर सोडले की आकडा तिशीच्या आसपास येतो. 'क्षमता 60' हे शब्द खोटे ठरवता येत नाहीत आणि त्याचाच फायदा घेतला जातो. हॉलचं माप मीटरमध्ये मागा, खांब कुठे आहेत ते विचारा, आणि तुमच्या मांडणीत किती जण बसतील हे करारात लिहून घ्या. वरच्या मजल्यावरचा लाकडी तक्तपोशीचा, म्हणजे फळ्यांच्या जमिनीचा, हॉल असेल तर जमिनीवर किती भार चालतो याचा दाखलाही मागा. बसलेली माणसं आणि एका तालात नाचणारी माणसं यांचा भार तक्तपोशीवर अगदी वेगळा पडतो.

वाळूची गोष्ट सगळ्यात जास्त जिव्हारी लागली, कारण संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम तिथेच ठेवला होता. जाहिरातीतला फोटो ओहोटीचा होता. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, आणि भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. मुक्कामाचा दिवस पौर्णिमेचा होता आणि कार्यक्रमाच्या वेळी पाणी खालच्या चार पायऱ्यांवर होतं. 'निसर्गापुढे आम्ही काय करणार' हे उत्तर मिळालं, पण भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापलेलं असतं. तारीख ठरवण्याआधी ते पाहा, आणि भरतीच्या वेळी त्याच पायऱ्यांवरून काढलेला फोटो मागा.

जुनी वास्तू संरक्षित असेल तर भिंतीला खिळा, मेणबत्त्या, मोठे स्पीकर, तात्पुरता मांडव यांवर बंधनं असू शकतात. मध्यस्थ बुकिंगच्या वेळी 'सगळं चालतं' म्हणतो आणि निघताना दंड लावतो. आवाजाचं तर नक्की विचारा. रात्री पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असली की आवाज वर न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबपर्यंत ऐकू जातो, त्यामुळे पलीकडच्या काठावरूनही तक्रार येते. वीज हा आणखी एक खर्च. दोन किलोवॅटच्या चार किटल्या एकदम लावल्या तर 230 व्होल्टवर जवळपास 35 अँपिअर लागतात. जुनी वायरिंग तेवढा भार घेत नाही, फ्यूज उडतो, आणि जनरेटरचं भाडं बिलात चढतं. जनरेटर, साफसफाई, जादा पाहुणे यांचे दर करारात नसतील तर ते देण्यास तुम्ही बांधील नाही हे आधीच लेखी स्पष्ट करा.

शेवटी डिपॉझिट. या गटाची पूर्ण अनामत 'भिंत खराब केली' म्हणून कापली गेली. ज्या भिंतीचा फोटो पुरावा म्हणून पाठवला, तिच्यावर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत पापुद्रे सुटले होते आणि वरच्या कडेला पांढरी रेघ होती. ती रेघ क्षारांची. ओल भिंतीतून वर चढते, पाणी उडून जातं, मागे राहिलेल्या क्षारांचे स्फटिक फुगून गिलावा फोडतात. हे दोन रात्रींत होत नाही. पण आत शिरतानाचे फोटो कुणी काढलेले नसल्यामुळे वाद घालायला आधार राहिला नाही. बॅगा आत नेण्याआधी फाटकापासून प्रत्येक खोलीपर्यंत न थांबवता एक व्हिडिओ काढा. भिंतींचा खालचा मीटरभर भाग, गंजलेली कडी-कोयंडे, फुगून अडकणारी दारं, खिडक्यांच्या काचा यांच्यावर जरा रेंगाळा, आणि तो तिथल्या माणसाला लगेच पाठवा म्हणजे वेळेची नोंद राहते.

ठरलेलं मिळालं नाही तर सामान उघडण्याआधी तक्रार लेखी पाठवा, कोऱ्या किंवा 'सर्व समाधानकारक' छापलेल्या पावतीवर सही करू नका, त्याच दिवशी बँकेला आणि पोलिसांना कळवा. मेसेज पुसू नका, मध्यस्थाला ब्लॉकही करू नका, त्याची उत्तरं पुराव्यासाठी लागतात. यानंतर थोड्याच दिवसांत या गटाच्या प्रतिनिधीला एक फोन आला: 'तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त प्रक्रियेचं शुल्क आधी भरा.' ही दुसरी फसवणूक होती. आधीच फसलेल्यांचे नंबर एकाकडून दुसऱ्याकडे जातात. आगाऊ शुल्क मागणाऱ्याला एक पैसाही न देता तो नंबर त्याच पोलीस तक्रारीत जोडावा.